विश्लेषण : ४२ अंश तर पूर्वीही होते, मग जालन्याचा उन्हाळा आता जास्त का भाजतो?

एप्रिल लागला की जालन्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "यंदा फारच तापतंय." दुसरे, घरातल्या एखाद्या आजोबांचे, "आमच्या काळीही बेचाळीस असायचंच. तुम्हालाच सोसत नाही."

गंमत अशी, की दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. मराठवाड्याला ४२ अंश नवे नाहीत. वैशाख वणवा हा शब्द काही हवामान बदलाच्या चर्चेतून आलेला नाही. मग बदलले काय? आकडा तोच असेल तर त्रास जास्त का? आणि 'उष्णतेची लाट नाही' असे हवामान खाते सांगत असते, त्या दिवशीही अंगाची लाही का होते? एकेक प्रश्न घेऊन समजून घेऊ.

मोबाइलवर ४५, बातमीत ४२. खरे कोणते?

हवामान विभाग मोजतो ते हवेचे तापमान, उन्हाचे नव्हे. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक ठेवलेला असतो. पेटीत वारा खेळतो, पण थेट ऊन पडत नाही. जगभर याच पद्धतीने मोजतात, म्हणून जालन्याच्या आकड्याची तुलना नागपूरशी किंवा ५० वर्षांपूर्वीच्या आकड्याशी करता येते.

मोबाइलवरचे ॲप बहुतेक वेळा तुमच्या गल्लीत काही मोजत नाही. आजूबाजूची केंद्रे आणि संगणकीय प्रारूप यांवरून ते अंदाज बांधते. शिवाय अनेकदा ते 'जाणवणारे तापमान' दाखवते, ज्यात आर्द्रता आणि वारा मिळवलेला असतो. कारच्या पडद्यावरचा ४७ हा आकडा तर तापलेल्या डांबरी रस्त्याच्या आणि इंजिनाच्या शेजारचा असतो.

म्हणजे बातमीतला ४२ हा आकडा सावलीतला आहे. मोंढ्यात पोती उचलणारा हमाल, सळई बांधणारा मजूर किंवा कापसाच्या पऱ्हाट्या वेचणारी बाई त्या पेटीत बसलेली नसते. त्यांच्या अंगावर पडते ते ऊन वेगळे.

'उष्णतेची लाट' कधी म्हणतात?

मैदानी भागासाठी हवामान विभागाचे निकष असे आहेत. आधी कमाल तापमान किमान ४० अंश असले पाहिजे. त्यानंतर ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, पारा थेट ४५ वर गेला तर लाट आणि ४७ वर गेला तर तीव्र लाट. हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिली, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. मराठवाडा हा असा स्वतंत्र उपविभाग आहे.

आता यातली मेख पाहा. समजा एखाद्या ठिकाणची त्या दिवसाची सरासरी ३९ आहे. तिथे लाट जाहीर व्हायला ४३.५ अंश लागतील. पारा तीन आठवडे सलग ४२.८ वर चिकटून राहिला तरी कागदावर लाट नाही! शरीर मात्र तीन आठवडे त्यात शिजत असते.

दुसरी मेख सरासरीतच आहे. ही सरासरी ३० वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी ती पुढे सरकते. पूर्वी १९८१ ते २०१० हा काळ धरत, आता १९९१ ते २०२० धरतात. हवा तापत गेली की 'सरासरी'ही वर चढते आणि आजचा तोच आकडा पूर्वीपेक्षा कमी असामान्य दिसू लागतो. पद्धत शास्त्रीयच आहे, तिच्यात लबाडी नाही. पण 'सरासरीइतकेच तापमान' ही ओळ वाचताना सरासरी स्वतः चढली आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

तापमान खरेच वाढले आहे का?

हो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतापुरता हवामान बदलाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९८६ ते २०१५ या ३० वर्षांत वर्षातील सर्वांत उष्ण दिवसाचे तापमान सुमारे ०.६३ अंशाने, तर सर्वांत थंड रात्रीचे सुमारे ०.४ अंशाने वाढले. हवामान विभागाच्या नोंदींत १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष २०२४ हे आहे.

उन्हाळा लवकर दार ठोठावतो, हीही नुसती भावना नाही. मार्च २०२२ मध्ये देशाच्या सरासरी कमाल तापमानाने १२२ वर्षांतला उच्चांक गाठला. फेब्रुवारी २०२३ आणि त्यानंतर फेब्रुवारी २०२५ यांनी त्या-त्या वेळी सर्वांत उष्ण फेब्रुवारीचा विक्रम केला. होळी पेटल्यावर थंडी जाते, असे आपण म्हणायचो. आता होळीच्या आधीच कूलर खाली उतरतो.

पाऊण-एक अंशाने एवढा काय फरक पडतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि इंजिनिअरिंगला शिकलेले थोडेसे संख्याशास्त्र इथे उपयोगी पडते.

एक काल्पनिक गाव घ्या. एप्रिल-मेचे ६० दिवस. कमाल तापमानाची सरासरी ४० अंश. तीनपैकी दोन दिवस पारा ३८ ते ४२ च्या दरम्यान, उरलेले दिवस त्याच्या खाली-वर. अशा गावात ४३ च्या वर जाणारे दिवस भरतात साधारण चार. आता सरासरी फक्त एका अंशाने वाढवा, बाकी सगळे तेच ठेवा. ४३ च्या वरचे दिवस होतात नऊ ते दहा, म्हणजे दुपटीहून अधिक. ४५ च्या वरचा दिवस पूर्वी तीन उन्हाळ्यांत एखादा यायचा, तो आता दरवर्षी येऊ लागतो.

म्हणजे सरासरी एका पायरीने चढली, की टोकाचे दिवस उडी मारतात. आजोबांनी ४२ पाहिले हे खरे, आणि नातू ४२ जास्त वेळा पाहतो हेही तितकेच खरे.

मग मे २०२५ मध्ये पाऊस कसा पडला?

त्या वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रभर अवकाळी कोसळला आणि मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. मुंबईतले ते आजवरचे सर्वांत लवकरचे आगमन. 'कसली आलीय तापमानवाढ?' असे तेव्हा अनेकांनी विचारले.

एक वर्ष म्हणजे कल नव्हे. अल निनो, बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून येणारे बाष्प, ढगांचे आच्छादन यांनी प्रत्येक उन्हाळा खाली-वर होत राहतो. २०१५-१६ च्या मोठ्या अल निनोनंतरचा उन्हाळा मराठवाडा विसरलेला नाही. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले ते एप्रिल २०१६ मध्येच. कल शोधायचा तर तो ३० वर्षांत शोधायचा, एका मे महिन्यात नाही. शिवाय तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशामागे साधारण सहा ते सात टक्के. त्यामुळे कोरडे दिवस जास्त कोरडे आणि पडला की धो-धो, असे दोन्ही एकाच कारणातून घडू शकते.

जालनाच एवढा का तापतो?

समुद्र दूर, पश्चिमेला सह्याद्री आडवा. जिल्हा पर्जन्यछायेत. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर. ही कारणे शाळेत शिकवतात. पण एक कारण पायाखाली आहे.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत सांगायचे तर युनिटचा दोन तृतीयांश भाग. जमिनीत ओल असेल, झाडांना पाने असतील, तर उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो आणि हवा तेवढी कमी तापते. मार्चपर्यंत ज्वारी, हरभरा, गहू निघाला की आपली शिवारे उघडी पडतात. काळी जमीन, तीही कोरडी, भेगाळलेली. गडद रंग ऊन जास्त शोषतो आणि ओल नसल्याने ती उष्णता वाफेत न जाता थेट हवेत येते.

म्हणूनच कमी पावसाच्या वर्षानंतरचा उन्हाळा दुप्पट छळतो. आधी पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणून उष्णता जास्त. दुष्काळ आणि उष्मा ही दोन वेगळी संकटे नाहीत, एकाच दोराची ती दोन टोके आहेत.

आजोबांना सोसत होते, आपल्याला का नाही?

याचे अर्धे उत्तर हवेत नाही, छपरात आहे.

मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे आठवा. हातभर जाडीच्या भिंती, लाकडी पाट्यांवर मातीचा थर. दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर घरातली माणसे बाजा टाकून अंगणात किंवा माळवदावर झोपलेली असायची. आज घर आहे पत्र्याचे किंवा स्लॅबचे.

दहा बाय दहाच्या खोलीच्या छपरावर भर दुपारी सुमारे नऊ हजार वॅट ऊन पडते. नऊ इस्त्र्या एकदम चालू ठेवाव्यात, तेवढे. पत्रा पातळ, तो लगेच तापतो आणि आतल्या माणसांवर धग टाकतो. दुपारी ते घर भट्टी असते, रात्री मात्र लवकर निवते. सिमेंटच्या स्लॅबचे उलटे. तो दिवसभर उष्णता साठवतो आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. त्यात दाट वस्ती, डांबर, काँक्रीट, जवळ झाड नाही. रात्री शहर खेड्यापेक्षा जास्त गरम राहते ते यामुळेच.

डॉक्टर रात्रीला एवढे महत्त्व देतात, कारण शरीर दिवसभराचा ताण रात्री भरून काढते. हवामान विभागाचा 'उष्ण रात्री'चाही निकष आहे. दिवसा पारा ४० किंवा अधिक आणि किमान तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त. पण आपल्या बातम्यांत कमाल आकडा मथळ्यात येतो आणि किमान आकडा तळाशी कुठेतरी. यात आम्हा पत्रकारांचाही दोष आहे.

कोरडे ४२ वाईट की दमट ३४?

शरीर घामाने थंड होते. घाम वाळला तर उपयोग, नुसता निथळला तर नाही. म्हणून तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून घेतलेले 'ओल्या फुग्याचे तापमान' महत्त्वाचे. एप्रिलमध्ये ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ते साधारण २२ भरते. जूनच्या सुरुवातीला ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असली, तर ते साडेसत्तावीसच्या पुढे जाते. पारा आठ अंशांनी उतरला, पण शरीराचे काम अवघड झाले!

कूलरचेही हेच गणित. कोरड्या ४२ मध्ये चांगला कूलर हवा २६ अंशांपर्यंत आणू शकतो. दमट ३४ मध्ये तोच कूलर २९ च्या खाली फारसा जात नाही. आणि कूलर फुकट चालत नाही. एक टनाच्या एसीइतका गारवा द्यायला त्याला तासाला सुमारे पाच लिटर पाणी उडवावे लागते. नळाला आठवड्या-दहा दिवसांनी पाणी येण्याचे दिवस ज्या शहराने पाहिले, तिथे गारवा हाही पाण्याचाच प्रश्न होतो.

दमट उष्मा किती घातक ठरतो, ते १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरने दाखवले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या खुल्या मैदानावरील सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. परिसरात नोंदलेले तापमान चाळिशीच्या आतच होते.

शेतीला काय झळ बसते?

जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळालेली. आंबिया बहराला जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात आणि कोवळी फळे झाडावर असतानाच मार्च-एप्रिलचे चटके सुरू होतात. उष्णता आणि पाण्याचा ताण एकत्र आले की फळगळ ठरलेली. २०१२-१३ च्या दुष्काळात तर जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या. सोयाबीन गेले तर हंगाम जातो, मोसंबीची बाग गेली तर पुन्हा फळ हाती यायला काही वर्षे जातात.

रेशीमही तसेच नाजूक. जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे आणि अनेक शेतकरी तुतीकडे वळले आहेत. पण रेशीमकिड्यांना साधारण २४ ते २८ अंश आणि भरपूर आर्द्रता लागते. शेडभोवती ओली पोती, वर पाचट, तुषार, असे सगळे करून बाहेरच्या ४२ मध्ये आत २८ टिकवणे ही रोजची लढाई असते.

आणि शेततळे. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला १० मिलीमीटर बाष्पीभवन धरले, तर एक गुंठा पाण्याच्या पृष्ठभागातून रोज हजार लिटर उडते. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर, म्हणजे जवळपास एक टँकर. दोन महिन्यांत पाण्याची पातळी दोन फूट खाली, एक थेंबही पिकाला न देता. तापमान वाढेल तशी ही गळती वाढणार. तळ्यावर शेडनेट टाकणे, काठाने वारा अडवणारी झाडे लावणे, बागेत पाचटाचे आच्छादन करणे, हे आता हौसेचे प्रयोग राहिलेले नाहीत.

दिशा दाखवणारे उदाहरण जिल्ह्यातच आहे. कडवंची गावाने पाणलोटाची कामे नेटाने केली, ठिबक आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या आणि कोरड्या वर्षांतही तग धरला. ओल टिकवली की पीक तर तगतेच, वर उन्हाची धारही थोडी बोथट होते.

'दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका', हे कुणासाठी?

दर उन्हाळ्यात हे पत्रक निघते. सल्ला बरोबर आहे. पण तो पाळू शकतो कोण? कार्यालयात बसणारा. जालना म्हणजे सळईचे शहर. वितळलेल्या लोखंडाचे १६०० अंशांच्या आसपासचे तापमान आणि बाहेर ४२, या दोहोंच्या मध्ये भट्टीवरचा कामगार उभा असतो. त्यातले कितीतरी जण परप्रांतातून आलेले, पत्र्याच्या खोलीत राहणारे. म्हणजे त्यांना कामावर धग आणि घरीही धग. वीटभट्टी, बांधकाम, मोंढा, हातगाडी, सगळीकडे हीच गत. मजुरी दिवसावर आहे, सल्ल्यावर नाही.

दुसरी अडचण मोजणीची. उन्हाने दगावलेला माणूस बहुतेकदा 'हृदयविकार' किंवा 'ताप' म्हणून नोंदला जातो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला, तेव्हा उष्माघाताच्या नोंदी थोड्या होत्या. नंतर अभ्यासकांनी शहरातील एकूण मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली, तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. तो आकडा समोर आला, म्हणून २०१३ मध्ये त्या शहराने उष्मा कृती आराखडा केला आणि तो देशाला नमुना ठरला.

केंद्राचा दृष्टिकोनही उष्म्याबाबत बराच काळ थंड राहिला. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात आपत्ती मदत निधीसाठी अधिसूचित १२ आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती.

मग जालन्याने काय करावे?

जालना नगरपालिकेची २०२३ मध्ये महापालिका झाली. नव्या महापालिकेला जुन्या सवयी मोडायची संधी असते. फार खर्चिक नसलेल्या पाच गोष्टी आम्हाला सुचतात.

१) पत्र्याच्या घरांची वस्तीनिहाय यादी करून मार्चआधी छपरांना चुन्याचा किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा हात द्यावा. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा मोठा भाग परत पाठवतो. सुरुवात अंगणवाड्या, शाळा आणि आरोग्य केंद्रांपासून व्हावी.

२) कामाच्या वेळा बदलाव्यात, पण मजुरी न कापता. सकाळी लवकर आणि ऊन कलल्यावर अशा दोन पाळ्या, दर तासाला सावलीत विसावा आणि थंड पाणी. मोठ्या बांधकामांवर आणि कारखान्यांत हे सक्तीचे हवे.

३) बसस्थानक, मोंढा आणि मजूर अड्डा इथे सावली आणि पाणी हवे. पाणपोई ही आपली जुनी सोय, ती देणगीदारांच्या मर्जीवर सोडू नये.

४) रोजचे किमान तापमान आणि आर्द्रता कमाल तापमानाइतक्याच ठळकपणे जाहीर करावी. मार्च ते जूनमधील एकूण मृत्यूंची प्रभागनिहाय तुलना दरवर्षी करावी. जे मोजले जात नाही, त्यासाठी पैसा मिळत नाही.

५) जुने तलाव आणि नदीकाठ राखावेत. घाणेवाडीच्या तलावातला गाळ काढायला जालनेकर स्वतः उतरले होते. पाणी आणि झाडी हाच शहराचा सर्वांत स्वस्त एसी.

ऊन लागले तर?

अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, तोल जाणे, झटके किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे. घाम थांबलाच पाहिजे असे नाही, कष्टाचे काम करणाऱ्याला घाम सुरू असतानाही उष्माघात होतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काख, जांघेत ओले फडके ठेवा. १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता पुन्हा आजोबांच्या वाक्याकडे येऊ. बेचाळीस त्यांनी सोसले हे खरे. पण त्यांच्या डोक्यावर माळवद होते, रात्री अंगण होते, विहिरीला पाणी होते आणि बेचाळीसचे दिवस कमी होते. 'जालना, सोने का पालना' अशी म्हण इथल्या माणसांनी अभिमानाने जपली. त्या पाळण्याखाली आता निखारे आहेत. ते एका शहराला विझवता येणार नाहीत. पाळण्यावर सावली धरणे मात्र आपल्याच हातात आहे, आणि ती धरायची वेळ मे महिन्यात नव्हे, त्याआधी असते.